आमिष क्रमांक सतरा

सीमाभागातल्या महामार्गाकडेच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात सौम्या मुतगेकरला सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षांत तिच्याकडे कुणी मान वर करून नीट पाहिलं नव्हतं. ती कॉम्प्युटर लॅबची इन्स्ट्रक्टर. प्रिंटर अडला, वायर सैल झाली, कुणी पासवर्ड विसरलं, की तिची आठवण व्हायची. काम झालं की लोक तिच्या देखतच पुन्हा आपापल्या गप्पांत शिरायचे. घरचं, दवाखान्याचं, सुनेचं, सासूचं, सगळं तिच्यासमोर बोलायचे. लॅबमधल्या पंख्यासमोर बोलावं तसं.

घर कडोलीला. वडील बटाटा आणि कोबी करणारे, चार बहिणींत ही तिसरी. डिप्लोमा झाल्याझाल्या नोकरीला लागली, नोकरी सांभाळून बी.ई. केलं आणि पंचविसाव्या वर्षी त्याच कॉलेजात एम.टेक.ला नाव घातलं. विषय नेटवर्क आणि सुरक्षा. एम.टेक. झालं तर लॅबमधून वर्गात जाता येणार होतं. हातात खडू, समोर साठ मुलं आणि दारावर नावाची पाटी. एवढंच तिला हवं होतं, आणि ते फार होतं असं कुणी म्हणणार नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिला मार्गदर्शक मिळाले डॉ. निशांत हेरेकर. टिळकवाडीतलं तीन पिढ्या वकिली केलेलं घर, परदेशात दोन वर्षं काढून आलेला माणूस. आवाज कधी चढायचा नाही. शिपायालासुद्धा 'तुम्ही' म्हणायचे. सौम्याचा विषय त्यांनीच सुचवला. संस्थेचं नेटवर्क कितीही मजबूत केलं तरी आतला माणूसच आपल्या हातानं दार उघडून देतो, ते किती आणि कसं, हे मोजायचं. मोजण्याची रीत अशी की आपणच खोटे मेल पाठवायचे आणि कोण फसून पासवर्ड देतं ते पाहायचं. पासवर्ड साठवायचा नाही, नाव छापायचं नाही, नुसता आकडा घ्यायचा. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या वतीनं प्राचार्यांनी एका कागदावर संमतीची सही केली. कर्मचाऱ्यांना अर्थातच कुणी सांगितलं नाही. सांगून मोजलं तर काय मोजणार?

पहिल्या फेरीत तिनं दोनशे बारा जणांना मेल पाठवला. 'तुमची मेलपेटी भरली आहे, येथे क्लिक करा.' नऊ जण फसले.

हेरेकर सरांनी तो आकडा पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सौम्या, हे बाहेरचा परीक्षक पाच मिनिटांत फेकून देईल. नऊ लोक. यात संशोधन काय आहे?"

"लोकं हुशार झालीत सर आता. असले मेल ओळखतात."

"मेल ओळखतात कारण तो कुणालाही पाठवण्यासारखा आहे. खरा हल्लेखोर काय करतो? एकेका माणसाचा अभ्यास करतो. तुम्ही सात वर्षं इथं आहात. तुम्हाला इथला एकेक माणूस माहीत आहे. ते वापरा. वीस माणसं निवडा आणि वीस आमिषं तयार करा, प्रत्येकाच्या मापाची."

"वापरायचं म्हणजे, घरचं वगैरे?"

"हल्लेखोर सभ्य नसतो, सौम्या. तो सभ्य असेल असं धरून केलेली सुरक्षा काय कामाची?"

तिला ते पटलं. त्या दिवशी बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर तिनं यादी करायला घेतली, आणि काकतीचा थांबा येईपर्यंत तिचा हात थांबला नाही. ग्रंथालयातल्या जयाबाईंचा नातू सैनिक शाळेच्या परीक्षेला बसलाय. क्रीडाशिक्षकांना आपले फोटो कुठंतरी छापून यावेत असं वाटतं. स्थापत्य विभागातल्या बाईंची बदलीची अर्जी दोन वर्षं अडकलीय. एकेका नावापुढं एकेक ओळ. आपल्याला एवढं माहीत आहे हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. ज्यांनी तिला कधी मोजलं नाही त्यांची मापं तिच्या वहीत होती. तिला त्या कामात गोडी लागली, हे तिनं नंतर कुणापाशी कबूल केलं नाही. पण लागली होती.

सतराव्या ओळीवर नाव होतं परशराम सायनेकर.

परशराम परीक्षा विभागातला कारकून. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर. मूळचा सुळग्याचा, पण चार वर्षांपूर्वी गाव सोडून शहरात खासबागेत दोन खोल्या घेऊन राहायला आला होता, कारण बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि तिथून डायलिसिसचा दवाखाना जवळ पडत होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे उठून तो अक्काताईला तिथं सोडायचा आणि दहाच्या ठोक्याला टेबलावर हजर. मेलेल्या माणसाची किडनी मिळते, त्यासाठी यादीत नाव घालावं लागतं. तो फॉर्म ऑनलाइन होता आणि इंग्रजी-कन्नडात होता. परशरामला दोन्ही वाचता यायचं, पण चुकेल म्हणून तो भ्यायचा. फॉर्म सौम्यानं भरून दिला होता, लॅबमधल्या तीन नंबरच्या मशीनवर बसून. त्याच्याकडे दुसरा मेल नव्हता म्हणून कॉलेजचाच पत्ता घातला होता.

तेव्हापासून दुपारचं जेवण परीक्षा विभागाच्या मागच्या खोलीत एकत्र व्हायचं. परशराम, जयाबाई आणि सौम्या. परशराम डबा उघडता उघडता सांगायचा. आज मशीनवर तिचं बीपी उतरलं. आज म्हणाली, पाय लई दुखत्यात. यादीचं काय कळंना झालंय. सौम्याला तो 'बाळ' म्हणायचा.

सतराव्या ओळीपुढं तिनं 'यादी' एवढाच शब्द लिहिला. मग खोडला. मग त्याच्या जागी परशरामसाठी दुसरं काही सुचतं का पाहिलं. निवृत्तीचे कागद, परीक्षेचं सर्क्युलर, काहीही. पण त्या कशानं तो क्लिक करणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो शिस्तीचा माणूस, पहिल्या फेरीतही फसला नव्हता. विसातला एक जण वगळला असता तर सरांना कळलंसुद्धा नसतं. तिनं 'यादी' हा शब्द पुन्हा लिहिला.

तो मेल तिनं कन्नडमध्ये तयार केला. मराठीत आला तर खोटा वाटेल, सरकारी म्हणजे कन्नडच. एका खऱ्या सर्क्युलरमधली वाक्यं घेतली, 'राज्य अवयव प्रतीक्षा कक्ष' असं एक नाव स्वतःच रचलं. रुग्ण अक्काताई परशराम सायनेकर यांचा क्रमांक आता दुसरा आहे. रुग्णास प्रवासासाठी तयार ठेवावे. ओळख पटवण्यासाठी खालील दुव्यावर आपल्या मेलच्या पासवर्डने प्रवेश करावा. शेवटी तिनं एक वाक्य घातलं, आणि सगळ्या वीस मेलांत असलं वाक्य तेवढं एकच होतं: आमचा समन्वयक आपणास फोन करील, रुग्णालयाशी परस्पर संपर्क साधल्यास क्रमांक रद्द होऊ शकतो. चांगलं आमिष माणसाची खात्री करून घेण्याची वाट बंद करतं, असं तिनं एका शोधनिबंधात वाचलं होतं.

हेरेकर सरांनी वीसच्या वीस मेल पाहिले. सतराव्यावर ते थोडा वेळ थांबले.

"हे खरं आहे? याची पत्नी?"

"हो सर."

"हं." त्यांनी पान उलटलं. "फसल्यावर लगेच 'ही चाचणी होती' असं पान दाखवू नका. एकाला कळलं की दहा मिनिटांत सगळ्या ऑफिसला कळेल. शुक्रवारी चार वाजता सगळ्यांना एकदम सांगू."

सोमवारी सकाळी दहा वाजता मेल गेले. सौम्या लॅबमध्ये पडद्यासमोर बसली होती. एकेका ओळीचा रंग बदलायचा. मेल उघडला की पिवळा, पासवर्ड दिला की हिरवा. जयाबाई हिरव्या झाल्या. क्रीडाशिक्षक हिरवे झाले. दहा वाजून सात मिनिटांनी सतरावी ओळ पिवळी झाली आणि मिनिटभरातच हिरवी. घाईत पासवर्ड चुकला असावा, त्यानं तो दोनदा घातला होता.

फॉर्म खरा वाटावा म्हणून तिनं खाली 'अन्य माहिती' असा एक रिकामा चौकोन ठेवला होता. बाकी जे फसले त्या सगळ्यांनी तो रिकामाच सोडला. परशरामनं त्यात लिहिलं होतं. रक्तगट बी पॉझिटिव्ह. माझा फोन चोवीस तास चालू आहे. पेशंट तयार आहे. केव्हाही बोलवा, आम्ही निघतो. आपले उपकार विसरणार नाही.

ती उठली आणि जिना उतरून परीक्षा विभागात गेली. टेबल रिकामं होतं. रजेचा अर्ज पेपरवेटखाली, सही नेहमीसारखी नीटनेटकी. शेजारच्या टेबलावरचा मष्णू शिपाई हसत होता.

"मॅडम, नंबर आला की अक्काताईंचा. आण्णा रडालते हितं बसून. मी रिक्षा आणून दिली."

बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"रजा घेतली ना? मग घरीच आहे तो," हेरेकर सर म्हणाले. "घरी बसून फोनची वाट बघेल. त्यात काय होणार आहे? यादी म्हणजे वाट बघणंच असतं. तुम्ही आत्ता त्याला सांगितलंत तर बाकीच्या नावांचं काय? अजून सहा जणांनी मेल उघडलेला नाही. वर्षाचं काम पाण्यात घालायचं आहे का?"

"चार दिवस आहेत सर."

"चारच दिवस आहेत."

ती पुन्हा लॅबमध्ये येऊन बसली. संध्याकाळपर्यंत आणखी चार ओळी हिरव्या झाल्या.

त्या चार दिवसांत खासबागेत काय झालं ते तिला शुक्रवारी कळलं. चारच्या मेलची बातमी परशरामला फोनवर वाचायला लागू नये म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून तीन वाजताच त्याच्या घरी गेली. तेवढी माणुसकी आपल्यात आहे, असं तिला वाटेत वाटलं होतं.

दार उघडंच होतं. दारात बॅग भरून ठेवलेली, तिच्यावर दवाखान्याच्या फायली दोरीनं बांधलेल्या. सुळग्याहून अक्काताईची बहीण आली होती. अक्काताई कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. केस धुतलेले, घट्ट वेणी घातलेली, वेणीत अबोली. डाव्या हाताची शीर सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगलेली. चेहरा मात्र असा, की सौम्यानं चार वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"ये बाई, ये. हेनी म्हनालते, तुझ्याच हातानं फारम भरलंय. तुझा हात चांगला लागला बघ." तिनं सौम्याला जवळ बसवून घेतलं. "काल दवाखान्यात समद्यांस्नी भेटून आले. आता परत त्या मशीनवर न्हाय यायची म्हटलं. माझं कांबळं बी दिऊन टाकलं त्या हिंडलग्याच्या पोरीला, लई गारठा असतोय गं तितं. आन् खरं सांगू? किडनी बसली की मी पैला तांब्याभर पानी पिनार. उभ्यानं. चार वर्सं झाली, दिवसाला दोन वाट्या पानी."

बहीण चहा ठेवायला उठली. सौम्या म्हणाली, "आण्णा, जरा भाईर येताय?"

गल्लीतल्या नळापाशी ते उभे राहिले. परशरामनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोन हातातच होता.

"आण्णा, त्यो मेल खरा न्हाय."

"कुठला?"

"यादीचा. तसलं ऑफिसच न्हाय. कॉलेजचं प्रोजेक्ट होतं. लोकं फसत्यात का ते बघायचं होतं."

परशराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला. एखाद्या कागदावर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी तसा.

"मंजे दोन नंबर न्हाय."

"न्हाय आण्णा."

"लिव्हलं कुनी?"

"सरांनी सांगितलतं की..."

"सांगितलं कुनी, ते न्हाय इचारलं. लिव्हलं कुनी?"

"मी."

"दवाखान्याला फोन करायचा न्हाय, असं लिव्हलतं खाली. ते बी तूच?"

"व्हय."

"मी तीनदा नंबर लावला आन् ठेवला," तो म्हणाला. "काल तितं डॉक्टर समोर हुते, त्यांस्नी बी न्हाय इचारलं. म्हटलं, नियम हाय. आपल्या चुकीनं तिचा नंबर जायला नको." मग त्यानं फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. "जा. आत जाऊन तिला सांग."

"आण्णा, तुम्ही सांगा की. माझ्यानं न्हाय हुणार."

"लिवायला झालं की."

ती आत गेली. परशराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. अक्काताईनं चहाचा कप तिच्यापुढं केला. सौम्यानं तो घेतला आणि खरं सांगायला म्हणून तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"मावशी, यादीत चूक झालीया. कंप्यूटरची चूक. नंबर अजून लागला न्हाय."

"मग कवा लागंल?"

"लागंल. परत यादी लागंल."

"मंजे न्हाय," अक्काताई म्हणाली.

दारातून परशरामनं ते ऐकलं. अक्काताई बॅगेकडे बघत बसली. रडली नाही. म्हणाली, "कांबळं दिऊन आले की गं. आता त्या पोरीकडं परत कसं मागू? समद्यांस्नी काय सांगू?" आणि मग बहिणीला म्हणाली, "वेनी सोड माझी. ताण बसालाय."

त्याच वेळी, चार वाजता, कॉलेजचा मेल सगळ्यांना गेला. वीसपैकी अठरा जण फसले होते. त्या अठरा जणांसाठी शनिवारी सकाळी साडेआठ वाजता सुरक्षा प्रशिक्षण ठेवलं होतं, हजेरी सक्तीची, गैरहजर राहणाऱ्यास मेमो. सोबत अठरा नावांची यादी. अहवालात नाव छापायचं नाही असं ठरलं होतं, पण ही प्रशिक्षणाची नोटीस होती, अहवाल नव्हता.

शनिवार हा अक्काताईचा मशीनचा दिवस. परशरामची आठवडाभराची रजा झाली होती, मेमोचं त्यानं सव्वीस वर्षांत तोंड पाहिलं नव्हतं. त्यानं बायकोला मेहुणीच्या हवाली केलं आणि कॉलेजच्या बसमध्ये बसला. सेमिनार हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत त्याची खुर्ची होती. पुढं माइक घेऊन सौम्या उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती एका भरल्या खोलीसमोर बोलत होती, आणि सुरुवातीची दोन मिनिटं सोडली तर छान बोलली.

सरांनी तपासून दिलेल्या स्लाइडांत 'सर्वांत परिणामकारक आमिष' अशी एक होती. तिच्यावर सतरा नंबरचा मेल होता, नाव झाकलेला. झाकलं काय आणि न झाकलं काय.

"हे तर आपल्या परशरामचं," मागून क्रीडाशिक्षक म्हणाले, आणि दोघंतिघं हसली. हसून झाल्यावर त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नसावं, कारण मग त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"या मेलमधलं शेवटचं वाक्य पाहा," सौम्या म्हणाली. तिचा आवाज ठरल्याप्रमाणेच निघत होता. "इथं खात्री करण्याचा मार्ग बंद केला आहे. असं वाक्य दिसलं की सावध व्हायचं."

परशराम पडद्याकडे बघत होता. त्यानं ते वाक्य समोरच्या कागदावर उतरवून घेतलं. सगळ्यांना टिपणं काढायला सांगितलं होतं.

अक्काताई त्या दिवशी मशीनवर गेली नाही. बहिणीनं रिक्षा आणली, ती रिक्षात बसली नाही. मंगळवारी परशरामनं ओढून दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेली. आत हिंडलग्याची पोर ते कांबळं अंगावर घेऊन बाकावर बसलेली होती. तिनं अक्काताईला पाहिलं आणि आनंदानं हाक मारली, "मावशी, झालं ऑपरेशन?" अक्काताई तिथूनच मागं फिरली. परशरामनं रस्त्यात हात जोडले, शेजाऱ्यांना बोलावलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. ती एवढंच म्हणायची, "उद्या जाऊ." गुरुवारी दुपारी तिला श्वास घेता येईना. छातीत पाणी भरलं होतं. दवाखान्यात नेली, मशीन लावलं, आणि शनिवारी सकाळी ती गेली.

सौम्याला हे जयाबाईंनी सांगितलं, ग्रंथालयाच्या काउंटरवर, पुस्तकाच्या नोंदी करता करता.

"मातीला मी गेलते. तू दिवसाला येऊ नको, एवढंच सांगते. तुझं नाव तितं कुणी काढलं न्हाय, पर येऊ नको."

"जयाक्का, मी मुद्दाम..."

"माझ्या नातवाचं बी तूच लिव्हलतीस न्हवं? पोरगं पास झालं म्हनून. मी त्याला सांगून मोकळी झाले, आन् त्यानं शाळेत." जयाबाईंनी वही मिटली. "जा. लॅबमध्ये मुलं खोळंबली असतील."

हेरेकर सरांना तिनं जाऊन सांगितलं तेव्हा ते खरोखर हळहळले. खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "पण तिचा आजार जुना होता. चार वर्षं. उपचार तिनं स्वतः नाकारले. कार्यकारणभाव जोडताना आपण संशोधक म्हणून काळजी घ्यायला हवी." आणि मग, "हे अहवालात आणू नका. त्याचा तिथं संबंध नाही." प्राचार्यांनी शोकसभा घेतली, दोन मिनिटं. परशरामचा मेमोविना स्वच्छ राहिलेला सेवेचा कागद त्यांनी त्यात आवर्जून सांगितला.

महिन्याभरानं तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. अहवाल त्यांनी सगळा वाचला होता. साध्या मेलला चार टक्के आणि मापाच्या आमिषाला नव्वद टक्के, हा फरक त्यांना फार आवडला. "अशी जिवंत माहिती पदव्युत्तर कामात मी बऱ्याच वर्षांनी पाहतोय," ते म्हणाले. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सहभागी लोकांना काही त्रास? काही तक्रार?"

सौम्यानं हेरेकर सरांकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती. उत्तर चौथ्या प्रकरणात छापलेलंच होतं.

"नाही सर. तक्रार आली नाही."

ते खोटं नव्हतं. परशरामनं तक्रार केलीच नव्हती.

तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. काळ्या बांधणीच्या चार प्रती घेऊन ती परीक्षा विभागात गेली, कारण शेवटच्या पानावर विभागाचा शिक्का लागतो आणि तो शिक्का परशरामच्या टेबलावर असतो. तो कामावर परत आला होता. डोकं भादरलेलं, केस नुकते कुठं उगवायला लागलेले. डबा आता टेबलावरच खायचा.

त्यानं पहिली प्रत उघडली. नियमाप्रमाणे पानं मोजायची असतात. मोजता मोजता चौथ्या प्रकरणाशी त्याचं बोट थांबलं. इंग्रजी होतं, पण सव्वीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला तेवढं कळतं.

"कुनाला इजा झाली न्हाय, असं हाय हितं."

"ते सरांनी घातलंय."

"सही तुझी हाय."

त्यानं पुढची पानं मोजली. तिन्ही प्रती मोजल्या आणि चौथीशी थांबला. "हिच्यावर तारीख चुकलीया. दुरुस्त करून आन. चुकीच्या तारखेवर शिक्का मारता येत न्हाय."

ती लॅबमध्ये गेली, पान नव्यानं छापलं, बदलून आणलं. त्यानं चारही प्रतींवर शिक्के मारले. शाई ओली होती म्हणून प्रत्येकावर हलकी फुंकर घातली आणि प्रती सरळ करून तिच्यापुढं सरकवल्या.

"आण्णा," ती म्हणाली, "मला कायतरी बोला. शिव्या द्या."

"ऑफिसात बसलोय मी, मॅडम," परशराम म्हणाला, आणि मागं उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज घ्यायला हात पुढं केला.

मॅडम तो तिला पहिल्यांदाच म्हणाला होता.

वर्गात शिकवायची जागा त्या वर्षी भरलीच नाही. पण हेरेकर सरांनी तिचा शोधनिबंध एका परिषदेत वाचला आणि तिथूनच तिला बंगळूरच्या एका कंपनीचा फोन आला. मोठमोठ्या कंपन्या आपल्याच नोकरांना खोटे मेल पाठवून तपासतात, ते मेल लिहिण्याचं काम. कन्नड, मराठी, हिंदी, तिन्ही येणारी माणसं त्यांना मिळत नव्हती. कडोलीत आईनं गल्लीभर सांगितलं. वडील स्टेशनवर पोचवायला आले आणि डब्यात बसवून देताना म्हणाले, "काय काम असतंय गं नेमकं?"

"लोकांस्नी सावध करायचं," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी कंपनीनं सह्या करायला कागदांचा एक गठ्ठा दिला. त्यात एक पान होतं, कोणत्या विषयांवर आमिष लिहायचं नाही त्याचं. आजार आणि उपचार. मृत्यू. मुलांसंबंधी काहीही. कुठल्याही प्रकारच्या प्रतीक्षा यादीतला क्रमांक. साधं एक पान, इंग्रजीत, कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचायला ठेवलेलं, वर तारीख सहा वर्षांपूर्वीची. शेजारच्या खुर्चीवर नव्यानं रुजू झालेला एक मुलगा न वाचताच भराभर सह्या करत होता.

सौम्यानं ते पान दोनदा वाचलं. खाली सही केली, तारीख घातली, आणि गठ्ठा परत दिला. दुपारपर्यंत तिला पहिलं काम मिळालं. एका कारखान्यातले चारशे कामगार, भाषा मराठी, मुदत शुक्रवार. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि त्या चारशे नावांची यादी वरपासून वाचायला घेतली.